गोल कंसातले राव सार

किस्स्यांचं कसं असतं माहितीये? बादलीत भिजवलेल्या मोज्यांसारखं. एक ओढायला जावं तर सात बाहेर येतात, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तळाला! परवा निखिलचा फोन. "केतकी, तो राव सारांचा घड्याळाचा किस्सा सांग ना माझ्या बायकोला. मी सांगितला तर म्हणते, फेकू नकोस." आता तो एकटा सांगताच येत नाही ना! त्याच्याआधी कंसांचं सांगावं लागतं, कंसांच्या आधी जीएमचं. तर बसा. सगळेच ऐका.

मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी पुण्याची, निखिल नागपूरचा, दोघंही इंजिनिअर होऊन थेट चेन्नईत, अंबत्तूरच्या एका छोट्या फॅक्टरीत ट्रेनी. फॅक्टरी काय बनवायची? गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना. बस, पिना! आमची क्यूसीची, म्हणजे माल तपासायची, खोली म्हणजे अख्ख्या शॉपमधली एकमेव एसी खोली. गरम झालं की पोलाद फुगतं आणि माप चुकतं, म्हणून तिथे कायम वीस डिग्री. म्हणजे एसी पिनांसाठी होता, आम्ही आपले पिनांचे पाहुणे! बाहेर मे महिना पेटलेला असायचा आणि ज्याला त्याला क्यूसीत "अर्जंट काम" निघायचं.

*

आमचे जीएम गणिताचे एमएस्सी. पिनांच्या धंद्यात कसे पडले देव जाणे, पण गणित काही सुटलं नव्हतं. त्यांची एकेक नोटीस इंटर्व्हलमध्ये! शाळेत शिकलोय ना आपण, चौकोनी कंस म्हणजे तो आकडा धरायचा, गोल कंस म्हणजे नाही धरायचा. तर कँटीनच्या दारावर नोटीस लागली:

जेवण: [१२:३०, १:००)

आम्ही हसलो. कँटीनचे अण्णा नाही हसले. त्यांनी पर्सोनेलच्या सेल्वीला विचारलं, ही वाकडी रेघ कशाला? सेल्वीने समजावलं. अण्णांना पटलं. चांगलंच पटलं!

दुसऱ्या दिवशी निखिल ताट घेऊन लायनीत. पुढे सरकत सरकत सांबारापर्यंत पोचला, अण्णांनी पळी भरून वर उचलली, आणि एकचा भोंगा झाला. अण्णांनी पळी परत पातेल्यात ओतली!

"राउंड ब्रॅकेट, सार."

"अहो, पण मी एकच्या आधी आलोय!"

"एकच्या आधी तुम्ही अप्पळमला उभे होता."

निखिलने त्या दिवशी कोरडा भात आणि पापड खाल्ला. वर मला म्हणतो, "चिडू कसा? बरोबर आहे ना त्याचं!"

*

आता राव सार. सार म्हणजे सरच, तिकडे तसंच म्हणतात. राव सार आमचे लाइन इन्स्पेक्टर, पंचवीस वर्षं एका जागी उभं राहून पिना तपासत आलेले. त्यांचे कोणी पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले ते तिकडचेच झाले. त्यामुळे त्यांचं मराठी म्हणजे बखरीतल्या माणसाने तमिळ चालीत बोलावं तसं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, जेवण जालें कीं?" मी दोन सेकंद मागे बघितलं, कोणी पगडीवाला उभा आहे का!

राव सारांना फोरमन व्हायचं होतं. का? पदासाठी नाही हो. आमच्या शॉपमध्ये फोरमनला खुर्ची होती. इन्स्पेक्टरला नव्हती! एवढंच. गुडघे गेलेले बिचाऱ्यांचे. घरी गेल्यावर पायऱ्या उलट्या उतरायचे.

फोरमनची परीक्षा दोन वर्षांतून एकदा. राव सार दोनदा बसले, दोनदा गणितात उडाले. जीएमच्या पेपरात निम्मे प्रश्न एकच: इंटर्व्हल दिलाय, असमानतेत लिहा. "या खेपेस तुम्हीं शिकवा, बाई," म्हणाले. "मग मला वय उरत नाही."

मी म्हटलं, हात्तिच्या! एक आठवड्याचं काम आहे.

*

पहिला धडा. जेवणाची सुट्टी, क्यूसीचा फळा. मी लिहिलं [२, ५) आणि म्हटलं, "सार, हे असमानतेत लिहा."

राव सारांनी फळ्याजवळ जाऊन आकडे निरखले. मग म्हणाले, "मिलिमीटर कीं इंच?"

"युनिट नाहीये, सार. नुसते आकडे."

"युनिट नाही मग ड्रॉइंग परत पाठवा."

"ड्रॉइंग नाहीये! हा x आहे."

"x कशाचा केला आहे?"

"कशाचाच नाही!"

"कशाचाच नाही तर मोजायचा कसा, बाई?"

निखिल टेबलाखाली जाऊन हसत होता. शेवटी मी हरले, म्हटलं, लिहा तुमच्या मनाने. त्यांनी सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं: २ ≤ x < ५ मिमी. माइल्ड स्टील. गंज नसावा, कडा घासून घ्याव्या.

उत्तर बरोबर होतं हो! पण मार्क कोण देणार?

*

चिन्हाचं तोंड कुठे, हा दुसरा घोळ. राव सार < आणि > सारखे उलटे काढायचे. मी आपली शाळेतली युक्ती काढली. "सार, ही मगर आहे असं समजा. मगर नेहमी मोठ्या आकड्याकडे तोंड उघडते, कारण तिला मोठा घास हवा असतो."

"कोण सांगितलें?"

"बाई. शाळेतल्या."

"तुमच्या बाईंनी मगर पाहिली आहे?"

मग ऐकवलं त्यांनी. महाबलिपुरमच्या रस्त्यावर मगरी पाळल्यात, तिथे ते नातवंडांना घेऊन गेले होते. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत एक मगर तोंड उघडून पडली होती. समोर कोंबडी टाकली. हलली नाही. छोटी टाकली, मोठी टाकली, तरी नाही. "तोंड उघडें म्हणजे खाईल म्हणून नेम नाही," राव सार म्हणाले. "मगरीवर मी पिन पास करणार नाहीं."

आणि खिशातून व्हर्नियर काढला. म्हणजे तो जबड्याचा मापक असतो ना, तो. जबडा उघडून फळ्याला लावला. "हें असें. जबडा उघडा तिकडे मोठा जॉब, मिटला तिकडे लहान."

त्या दिवसापासून चिन्ह एकदाही चुकलं नाही. माझी मगर मात्र मेली.

*

आता एक निखिलची फजिती सांगते. तो म्हणेल ही गाळ, म्हणून मुद्दाम!

मी फळ्यावर अवघडातलं लिहिलं: (−∞, २) किंवा (५, ∞). म्हणजे x दोनपेक्षा लहान, नाहीतर पाचपेक्षा मोठा. निखिल उठला, "हे मी दाखवतो, सार," आणि ऐटीत एका ओळीत लिहिलं: ५ < x < २. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन इंजिनिअर!

राव सारांनी चष्मा लावला. काढला. परत लावला.

"तंबी, ही पिन पाचाहून जाड आहे?" तंबी म्हणजे तिकडे धाकटा भाऊ.

"हो, सार."

"तीच पिन दोनाहून बारीक आहे?"

निखिल डस्टर शोधायला लागला.

"पंचवीस वर्षांत असली पिन माझ्या हातीं आली नाही. तूं करून दाखव, मी आजच रिटायर होतों."

मग स्वतः खडू घेऊन दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. x < २, पुढे "स्क्रॅप". x > ५, पुढे "घासून परत आणा".

आणि अनंताला नेहमी गोल कंसच का, हे निखिल त्यांना वीस मिनिटं समजावत होता. अनंत म्हणजे आकडा नाही, सार, ती एक कल्पना आहे, आपण कितीही चालत गेलो तरी वगैरे वगैरे. राव सारांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तें माप मोजायला गेज नाहीं. गेज नाहीं तर पास कोण करणार? म्हणून गोल. सरि, ठीक आहे. पुढचें सांग."

*

फ्रान्सवाल्यांचा किस्सा ह्याच्यानंतरचा. आमचा एक कस्टमर फ्रान्सचा. त्यांचा फॅक्स आला, नव्या पिनेचं माप:

]१९.९८, २०.०२]

पहिला कंस उलटा! सेल्वी म्हणाली, फॅक्स मशीन बिघडलंय. तिने परत मागवला. परत तसाच. निखिल म्हणाला, टायपिस्ट डुलक्या घेत होता. जीएमनी चष्म्यातून बघितलं आणि निकाल दिला, "मिसप्रिंट. तो कंस चौकोनी करून शॉपला द्या. १९.९८ धरायचा."

राव सार दारात उभे होते, गुडघा चोळत. म्हणाले, "सार, तो कंस आकड्याला पाठ दाखवतो."

"मग?"

"आमच्या घरीं कोणी पाठ फिरवून उभा राहिला तर त्याला जेवायला वाढत नाहीत. तो आकडा घ्यायचा नाही म्हणून सांगतो तो."

जीएम हसले. एमएस्सीला कंस शिकवतोय इन्स्पेक्टर! पण मनात किडा वळवळला असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रान्सला फोन लावला. बराच वेळ "येस, येस, आय सी" चाललं. फ्रान्समध्ये गोल कंस वापरतच नाहीत. नको असलेल्या आकड्याकडे कंसाची पाठ करतात!

जीएम शॉपमध्ये आले, राव सारांसमोर थांबले, आणि म्हणाले, "१९.९८ धरायचा नाही." बस, एवढंच. आणि गेले. राव सार म्हणाले, "मी आधींच १९.९८च्या पिनांच्या डब्यावर 'घेऊं नये' अशी चिठ्ठी लावली होती."

*

आता तो घड्याळाचा किस्सा. निखिलच्या बायकोसाठी.

परीक्षेची नोटीस लागली. अर्थातच जीएमच्या भाषेत. त्यात एक ओळ:

वय, परीक्षेच्या वेळी: (२५, ५०)

राव सार फॉर्म घेऊन सेल्वीकडे गेले. सेल्वीने जन्मतारीख बघितली, नोटीस बघितली, कॅलेंडर बघितलं, आणि रडवेली झाली. "सार, परीक्षेच्या दिवशीच तुमचा वाढदिवस आहे. पन्नास पूर्ण. आणि पन्नासला गोल कंस."

राव सारांनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. परत येऊन गेजपाशी उभे राहिले. गेज म्हणजे पोलादाचा चाप. पिन 'गो'मधून गेली पाहिजे, 'नो-गो'मधून जाता कामा नये. दिवसभर पिना तपासत राहिले. गो, नो-गो. गो, नो-गो. मी जीएमच्या नावाने पुण्याच्या भाषेत काय काय बोलले ते इथे सांगत नाही. "एका दिवसाने, सार! एका दिवसाने!"

संध्याकाळी घरी निघताना थांबले. "बाई, एका दिवसानें नाहीं. मी सकाळीं जन्मलों नव्हतों."

मला काहीच कळलं नाही. दोन दिवसांनी कळलं. जीएमच्या केबिनमध्ये राव सार, मी आणि निखिल. राव सारांनी फडक्यातून एक पिवळं पडलेलं जातक काढलं. कोपऱ्यांना हळद. ते टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच बोलायला लागले.

"सार, (२५, ५०) म्हणजे २५ < x < ५०?"

"बरोबर," जीएम म्हणाले.

"४९ वर्षें अकरा महिने चालतील?"

"चालतील."

"वर एकोणतीस दिवस?"

"चालतील."

"वर कांही तास?"

जीएमनी पेन खाली ठेवलं.

"जातकांत आहे," राव सार म्हणाले. "सूर्योदय सहाला. त्यापासून सव्वीस घटका चाळीस पळें. तेव्हां मी जन्मलों. तोंवर मी पन्नासाच्या आंत."

निखिलने कॅल्क्युलेटर काढला. एक घटका चोवीस मिनिटं, एक पळ चोवीस सेकंद. खटखट केलं आणि ओरडलाच, "चार चाळीस! दुपारचे चार चाळीस!"

गणिताचा पेपर दोन ते पाच होता.

आता जीएम मॅनेजर म्हणून नाही म्हणू शकले असते. पण एमएस्सी म्हणून? कसं म्हणणार! नोटीस त्यांचीच, कंस त्यांचेच. त्यांनी जातक उलटसुलट करून बघितलं, मग शेवटचा बचाव केला: "जन्मवेळेचा दाखला आणा. शिक्क्याचा."

म्हणून आम्ही मैलापूरला. देवळामागच्या गल्लीत त्यांच्या घराण्याचे जोशी. त्यांनी जातक उघडलं, आणि आधी माझ्याकडे बघून विचारलं, "मुलाची पत्रिका कुठाय?" लग्न नाही, परीक्षा आहे, हे त्यांना समजवण्यात अर्धा तास गेला. पण दाखला दिला. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. निखिल म्हणाला, सेकंदही लिहा ना. ते भडकले. "मी ज्योतिषी आहे. रेल्वे नाही!"

जीएमनी दाखला फाइलला लावला आणि अट घातली. पेपर चार चाळीसच्या आत द्यायचा. चार चाळीसला नाही, आत.

परीक्षेला चौघं बसले. खोली आमचीच, क्यूसीची. पर्यवेक्षक स्वतः जीएम, मी मदतीला, समोर भिंतीवरचं घड्याळ. त्या घड्याळाची वेळ निखिलने सकाळी एसटीडी बूथवरून विचारून लावलेली! राव सार पहिल्यांदा त्या खोलीत खुर्चीवर बसले. आधी हात फिरवून बघितला खुर्चीवरून, पिनेवर फिरवतात तसा.

आणि सव्वातीनला लाइट गेली. एसी बंद, पंखा बंद, अंधार. पंधरा मिनिटं! तिघं कपाळावरचा घाम पुसत बसले. राव सार खुर्ची ओढत खिडकीपाशी गेले आणि लिहीत राहिले. लाइट आली तसं जीएमनी जाहीर केलं, "सगळ्यांना पंधरा मिनिटं जास्त. सव्वापाचपर्यंत." मग राव सारांकडे बघून घसा खाकरला. "तुम्हाला... तुमचं तेच."

"सरि, सार."

चार वाजून तीस. मी मागून डोकावले. अजून तीन प्रश्न! चार पस्तीस. दोन. खिशातून व्हर्नियर काढून, जबडा उघडून कागदाशेजारी ठेवलेला. चार अडतीस. माझी नखं संपली. दाराच्या काचेला बाहेरून निखिल, सेल्वी आणि पळीसकट कँटीनचे अण्णा चिकटलेले!

चार एकोणचाळीस. राव सार उठले. शेवटच्या प्रश्नाची अर्धी ओळ राहिली होती, मला दिसत होती. जीएमलाही दिसली. ते हळूच म्हणाले, "राव, अजून मिनिट आहे. पुरं करा. चार चाळीसला दिलात तरी..."

राव सारांनी पेपर त्यांच्या हातात ठेवला.

"गोल कंस, सार."

आणि बाहेर आले. अण्णांनी त्यांच्या हातात पायसमची वाटी दिली, तेव्हा बरोब्बर चार चाळीस झाले होते. अण्णा म्हणाले, "हॅपी बर्थडे, सार." मी रडले. निखिलही रडला, पण तो म्हणतो वेलदोडा डोळ्यात गेला.

आठवड्याने निकाल. राव सार त्रेसष्ट मार्कांनी पास! कुठेही "मिमी" लिहिलं नव्हतं. जीएमनी स्टोअरमधून नवी खुर्ची काढून त्यांच्या जागी ठेवली आणि स्वतः उभे राहिले, राव सार बसेपर्यंत. मग सेल्वी बढतीचा फॉर्म घेऊन आली. नाव लिहिलं, पद लिहिलं, गुण लिहिले. पेन थांबवून तिने विचारलं, "सार, परीक्षेच्या दिवशी वय किती?"

राव सार खुर्चीत मागे टेकले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"किती वाजतांचें?"